खारीत तेल नसतं म्हणे

बाबा, आज मी तुला तू म्हणणार आहे. कंपनीत क्लार्क लागलास, वर्तकनगरच्या कॉलनीतल्या लोकांत तुझी उठबस सुरू झाली, आणि तेव्हापासून तू आम्हाला ‘अहो बाबा’ बोलायला लावलंस. अख्ख्या माजिवड्यात पोरं बापाला ‘ए बाबा’ करून हाक मारायची, आणि आम्ही दोघं भावंडं पाहुण्यासारखी ‘अहो, जेवायला येता का?’ गावातली पोरं आमच्यावर हसायची. आता तुला जाऊन एवढी वर्षं झाली, आता काय करणारेस? ये, मार कानाखाली.

लिहायला बसलो त्याला कारण तुझी नात. ताईची मोठी. कॉलेजात जाते आता, केस कापलेत, सुट्टीत आमच्याकडे आलेली. माझ्या बायकोने बांगड्याचं कालवण केलेलं, ओल्या नारळाचं वाटण, वर लाल तवंग, वासानेच भूक लागावी असं. बाईसाहेबांनी ताट सरकवलं आणि बोलतात, ‘मामा, केवढं तेल! मला नको. मी चहा-खारी खाईन, लाइट असते.’ माझ्या हातातला घास हातातच. अरे, ही तर दोन वर्षांचीसुद्धा नव्हती तेव्हा तू गेलास. हिला तुझं तोंड आठवत नाही आणि तुझा मूर्खपणा बरोबर आठवतोय? घरभर हसलो मी, आणि मग रात्रभर चरफडत राहिलो. म्हटलं, एकदा तुझा हिशेब करूनच टाकू.

तुझ्या कंपनीत तुझ्या बाजूच्या टेबलावरचा जोडीदार कॅन्टीनमध्ये जेवता जेवता गेला. हार्ट अ‍ॅटॅक. त्यानंतर कंपनीने एका डॉक्टरला भाषणाला बोलावलं. तो काय बोलला असेल तो बोलला असेल, बरोबरच बोलला असेल की तेल-तूप जपून खा. पण ऐकणारा तू होतास ना. ‘जपून’ तेवढं कॅन्टीनमध्येच ठेवून घरी आलास. चपला काढायच्या आधी हुकूम सोडलास: तूप बंद, नारळ बंद, तळलेलं बंद. आगऱ्याच्या घरात नारळ बंद! आई चुलीसमोर होती, तिने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. बोलली, ‘मंग कालवणात काय घालू? खडू?’

‘तुम्हाला सायन्स कळत नाही,’ तू बोललास. मॅट्रिकला तुला सायन्समध्ये किती मार्क होते ते काकाने मला सांगितलेलं. मी नववीत दोनदा बसलो ते खरं, पण निदान दुसऱ्याला शिकवायला तरी गेलो नाही.

मग तुझी ती कागदाची परीक्षा. पेपरचे तुकडे कापून खिळ्याला टोचून ठेवलेलेस. ताटात काहीही पडलं की आधी कागदावर दाबायचं. कागद पारदर्शक झाला की पदार्थ नापास. भाकरी पास, उकडलेला दुधी पास. बोंबील दाबलास, चटणी दाबलीस, एकदा तर पाहुण्यांकडच्या लग्नात पंगतीत बसून पुरी दाबलीस. शेजारचा माणूस आईला विचारतो, ‘यांचं काय, नवस हाय का?’ आईने पदर तोंडावर घेतला. हसायला की लाजेने, मला अजून माहीत नाही.

आणि आमचं पोट? उकडलेल्या भाजीबरोबर भाताचे ढीगच्या ढीग उपसायचो. जेवून हात वाळत नाही तर परत कावळे ओरडायला लागायचे. तेल-तुपाचा घास पोटात टिकतो, हळूहळू जिरतो, हे आता कोणीही सांगेल. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, पण आमच्या पोटाला कळत होतं. मी सरळ काकूकडे जाऊन जेवायचो. तू कुठे जाणार? तू चार वाजले की चहा मांडायचास. तीन चमचे साखर, आणि खारी. एक खारी, मग अजून एक, मग तळाचा चुरा हातावर घेऊन. का, तर खारी ‘सुकी’ असते. आजाऱ्याला देतात. सुक्यात तेल कुठून येणार?

मी एक दिवस तुझ्याच खिळ्यावरचा कागद घेतला, तुझ्याच बशीतली खारी त्याच्यावर दाबली आणि कागद खिडकीला धरला. पलीकडची काकूची म्हैस दिसत होती, एवढा आरपार. ‘अहो बाबा,’ मी बोललो, ‘ही नापास झाली.’

तू कागद हातात घेतलास, उलटा केलास, सुलटा केलास. मग बोललास, ‘हा कागदच खराब आहे.’

शाबास. बेकरीवाला डब्याने वनस्पती तूप ओतून पदर सोडवतो, म्हणून तर खारी फुलते, आणि काकूच्या म्हशीचं चमचाभर तूप तुला विष. आता सगळे ओरडतात की ते घट्ट केलेलं वनस्पती हार्टला जास्त वाईट. तू तेव्हा हार्ट वाचवायला तेच बुडवून बुडवून खात होतास. याच्यावर मी हसू तरी किती?

इथपर्यंत सगळी गंमत होती. तू स्वतःला उपाशी मारलंस, मार, मला काय. पण मग ताई बाळंतपणाला आली. खडवलीहून, पहिलटकरीण, बारीक हातापायांची. सिव्हिलमध्ये मुलगी झाली, दोघी घरी आल्या, आणि मागोमाग तिच्या सासूने घरच्या म्हशीच्या तुपाची बरणी पाठवली. बाळंतिणीला. सासरकडून अशी बरणी येते तेव्हा तिचा मान असतो हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. तू काय केलंस? देवळात देऊन आलास. ‘दिव्याला होईल.’ आणि व्याह्यांना निरोप, ‘तूप मिळालं, फार छान होतं.’ देवाला त्या महिन्यात किती उजेड पडला माहीत नाही, पण पुजाऱ्याची बायको चांगली टमटमीत झालेली.

आई त्या दिवशी पहिल्यांदा तुझ्यासमोर उभी राहिली. ‘बाळतीण हाय ती, कैदी नाय. तिच्या अंगातलं ते पोर ओढून नेतंय. मी काय घालू तिच्या पोटात?’

‘गाजर द्या,’ तू बोललास. ‘गाजरात व्हिटॅमिन असतं.’

गाजर! उकडलेलं गाजर, बिनफोडणीचा भात, मुगाचं पाणी. ताई खायची, तुझ्या धाकाने एक शब्द न बोलता खायची. आणि बाळ रडायचं. पाजून खाली ठेवलं की परत रडायचं. त्या पोरीचा आवाज बारीक होत चालला होता ते मला कळायचं, मी, ज्याला शाळेत कधी काही कळलं नाही. आणि तू ओटीवर बसून पेपर कापायचास.

मग सकाळी मोरीत ताई पडली. धप्प असा आवाज आला, आई ओरडली, मी आणि काकाने तिला उचलून रिक्षात घातलं. लेडी डॉक्टर होती, तोंडाने एकदम फटकळ. तिने ताईच्या पापण्या खाली ओढून बघितल्या आणि विचारलं, खायला काय देता? आईने तुझ्याकडे बघितलं. तू गाजराचं सांगितलंस. डॉक्टरीण बोलली, ‘गाजरातलं जे घ्यायचं ते अंगी लागायला सोबत थोडं तेल-तूप लागतं, काका. नुसतं उकडून घातलंत तर बरंचसं वायाच. आणि ही दोन जीवांचं खाणारी बाई, हिला पोटभर अन्न नको? डाळ, मासे, अंडी, पालेभाजी, सगळं द्या.’ आई लगेच खुशीत येऊन बोलली, ‘तरी मी सांगत होतो, तुपाने दूध येतं.’ तर तिलाही झापली. ‘तुपाने दूध येत नाही मावशी, पोटभर खाल्ल्याने आणि बाळाला सारखं पाजल्याने येतं. वाटी वाटी तूप ओतू नका आता.’

आणि तू? तू काय बोललास आठवतं? माझ्या कानात अजून आहे. ‘मी कुठे नाही म्हटलं?’

मला त्या क्षणी तुझी एवढी किळस आली, बाबा, की मी दवाखान्याच्या बाहेर जाऊन थुंकलो.

त्यानंतर घरात डिंकाचे लाडू झाले, उघड उघड. डिंक, खारीक, खोबरं, काकूच्या म्हशीचं तूप. आईने स्टीलचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला, सकाळी एक ताईला काढून द्यायची. ताईच्या तोंडावर जरा रंग आला, बाळ पाजल्यावर झोपायला लागलं. आणि लाडू कमी व्हायला लागले.

आळ कोणावर? गावात कोंबडी लंगडली तरी लोक माझ्याकडे बघायचे. आईने मला चुलीच्या फुंकणीने मारलं. ‘बाळतिणीच्या तोंडचा घास खातंस? लाज नाय वाटत तुना?’ मी आईशपथ घेतली. आई बोलली, ‘तुझ्या शपथेवर मी किती वेळा रडलो हाय?’ बरोबर होतं तिचं. पण या वेळी मी खरं बोलत होतो. ताईने फक्त माझ्याकडे बघितलं, आणि ते फुंकणीपेक्षा जास्त लागलं.

म्हणून मी एक लाडू फोडला, मध्ये आगरी मसाला ठासून भरला, परत वळला, आणि ताईचा सकाळचा लाडू खाऊन झाल्यावर डब्यात सगळ्यांच्या वर ठेवून दिला. रविवार होता. दुपारी सगळे आडवे झाले. मी तांदळाच्या पिंपामागे बसलो. मला वाटलेलं काकाचा पोरगा येईल.

तू आलास. गंजी, पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी. एका हाताने फळी धरून स्टुलावर चढलास, स्टूल डगमगत होतं. डबा उघडलास आणि तिथेच, स्टुलावर उभ्या उभ्या, डोळे मिटून लाडू तोंडात घातलास. सगळा. आधी काहीच झालं नाही. तू चावत होतास, असा चावत होतास की आजवर मी कोणाला तसं चावताना बघितलेलं नाही. आणि मग कान लाल झाले. डोळ्यांतून पाणी. ओरडायची सोय नाही, ओरडलास तर अख्खं घर उठतंय. स्टुलावरून उतरून माठाला तोंड लावलंस.

मी पिंपामागून बाहेर आलो. ‘अहो बाबा,’ मी बोललो, ‘कागदावर दाबून बघितलेलात का?’

आयुष्यातला सगळ्यात भारी डायलॉग होता माझा. तो मारून मी कानाखाली खायला तयार उभा राहिलो, आणि तू हातच उचलला नाहीस. भिंतीला टेकून खाली बसलास. नाकातून पाणी, उचकी लागलेली. आणि तू बोललास, कंपनीतल्या भाषेत नाही, आपल्या भाषेत, ‘भूक लागते रं. लय भूक लागते.’ मग तू बोललास, ‘त्या जोडीदाराच्या डब्यात मटण होतं. अर्धा घास तोंडातच राहिला त्याच्या. मी बाजूला बसलो होतो.’ परत उचकी आली. ‘आईला सांगू नको.’

मला वाटत होतं मी हसेन. गावभर सांगेन, नाक्यावर नक्कल करून दाखवेन. तुझ्यासारखा ढोंगी माणूस मी बघितला नाही हे मी आजही बोलतो. पोटच्या पोरीला गाजर, आणि स्वतःला तिचे लाडू. भीती वाटते तर वाटू दे, माणूस घाबरतो, पण आपल्या भीतीचं पथ्य दुसऱ्याच्या ताटात वाढायचं? त्याला माफी नाही. आणि शेवटी गेलास कशाने, तर काविळीने. हार्ट एकदम ठणठणीत, डॉक्टर स्वतः बोलला.

हे तुला कुठल्या पत्त्यावर टाकू? लिहून झालं की उशीखाली ठेवेन, बायको अंथरूण झटकताना टाकून देईल. नातीचं मी बघतो, ती माझ्या हातचं खाते, थोडं थोडं करून आणीन तिला कालवणावर. तुझ्यासारखा हुकूम सोडणार नाही.

एवढंच राहिलं. त्या दुपारनंतर ताईचे लाडू कमी झाले नाहीत. आई बोलली, फुंकणी लागू पडली. मी बोललो, हो. पण तुझ्या चार वाजताच्या खाऱ्याही कमी झाल्या, कारण स्टुलाशिवाय हाताला येईल अशा खालच्या फळीवर, हळदीच्या बरणीमागे, एक छोटा डबा असायचा. त्यात शेंगदाण्याचे लाडू असायचे, खोबऱ्याचा तुकडा, कधी तळलेला बोंबील. तू कधी विचारलं नाहीस, मीही बोललो नाही. मरेपर्यंत तुला वाटलं असेल की तो डबा आई भरते.

आईला तो डबा माहीतसुद्धा नव्हता.