सात वह्यांची तजवीज

मी, ज्ञानेश्वर पुंजाराम धनवटे, वय ५३, धंदा वार्ताहर, राहणार सावेडी, अहिल्यानगर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. युद्ध चाललेल्या देशात आपणहून दुसऱ्यांदा निघालेल्या माणसाला शहाणा कसं म्हणू, असं डॉ. आप्पासाहेब विचारत होते. शुद्धीत असल्याचा दाखला मात्र त्यांनी दिला.

१. सावेडीचा फ्लॅट व ठेवी पत्नी सौ. सत्यशीला हिला. संस्कृत ग्रंथांची दोन्ही कपाटं कन्या संस्कृती हिला. नाव मी ठेवलं, शिक्षा तिने भोगावी.

२. पुणतांब्याची जमीन धाकटा भाऊ छगन यास. आठ वर्षं तो माझा बांध कोरतो आहे. आता सगळंच त्याचं. कोरायला काही उरलं नाही म्हणून त्याला करमणार नाही.

३. सात वह्या. मागच्या खेपेला दवाखान्यावर बॉम्ब पडला, तेव्हा मी तिथे होतो. वाचलेल्या एकेचाळीस जणांचं सांगणं, त्यांच्या सह्यांसकट, यांत आहे. एखादं न्यायालय कधीतरी मागेल, म्हणून त्या जपायच्या.

सत्यशीला जिल्हा न्यायालयात वकील. ती म्हणाली, "अहो, तुमच्या त्या युद्धाच्या कायद्याचा बेलीफ कोण?"

मी म्हणालो, "छगनने बांध कोरला, पण सामाईक विहिरीच्या मोटारीची वायर कधी तोडली नाही. तिथे कोणता बेलीफ होता?"

"छगनभाऊजींना त्याच गावात राहायचंय. बॉम्ब टाकणाऱ्याला कुठे राहायचंय?"

हा मुद्दा तिचा, याची नोंद असावी. पाठशाळेत महाभारतातले धर्मयुद्धाचे नियम पाठ केले, तेही बहुतेक मोडलेलेच. पण नियम होता, म्हणून मोडणाऱ्याला आजही दोष लागतो. सही करताना एका आईने विचारलं होतं, "हे कोणी वाचेल ना?" मी हो म्हणालो. तो शब्द मी सत्यशीलेच्या हवाली करतो. तिला नको असेल तर वह्या संस्कृतीला द्याव्यात, जाळू नयेत.

४. हे कलम सत्यशीलेने घालायला लावलं: मूळ वह्या घराबाहेर कोणाला देऊ नयेत, नकला द्याव्यात, नावं छापू नयेत. मग काल दुपारभर तिने पानापानावर आकडे घातले. चौथ्या वहीत, मुलांच्या नावांपाशी, थांबली. चष्मा पुसून म्हणाली, "वह्यांची उलटतपासणी होत नाही. साक्षीला तुम्हीच लागाल. परत या."

सबब हे मृत्युपत्र इतक्यात अमलात येऊ नये, अशी लिहून देणाराची इच्छा आहे.

साक्षीदार: डॉ. आप्पासाहेब शेळके, आरती भोर, शेजारी
सही: ज्ञानेश्वर पुंजाराम धनवटे
सावेडी, अहिल्यानगर, ९ जानेवारी २०२६