डाव्या चाकाचे पाच नट

७ सप्टेंबर १९९७, राजूर
आजपासून राग बंद. दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं तर मन शांत पाहिजे. सासरे भिमाजी, म्हणजे बायकोचे आप्पा, दरवर्षी स्वतःच्या जुन्या जीपने सगळ्यांना न्यायचे. उन्हाळ्यात ते वारले. तेव्हापासून आमच्याकडे राहणाऱ्या सासूबाई मुक्ताबाईंची एकच इच्छा आहे, यंदाही त्याच गाडीने जायचं. जीप माझ्या दारात आहे. चालवणार मीच. सासरवाडीत जबाबदार माणूस म्हणून माझ्याकडेच पाहतात.

टायर बदलायला घेतले. उजवीकडची दोन्ही चाकं गुमान खुलली. हाताला उपजत कौशल्य लागतं, ते माझ्यात आहे.

८ सप्टेंबर
डावं पुढचं चाक. पाच नट. पहिला हलेना. पान्यावर उभा राहिलो. मग उड्या मारल्या. पाना निसटून नडगीवर बसला. राग आला नाही. फक्त पाना उचलून कुंपणापलीकडे भिरकावला. शेजारच्या छबूबाईंच्या हंड्याला पोचा आला. त्या जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बायको दीपा सांगत होती, अवो, त्या बाजूच्या चाकाचं आप्पा म्हनायचे... मी थांबवलं. बायकांनी नटात पडू नये, असं शांतपणे सांगितलं. शांतपणे म्हणजे छबूबाईंना ऐकू गेलं इतकंच.

१२ सप्टेंबर
पान्याला पाइपाचा तुकडा घालून लटकलो. कडाड. बोल्टच नटासकट तुटला. एक खुलला असं धरायला हरकत नाही. चार राहिले.

पडल्यामुळे कोपर सुजलंय. चाकाला दोन लाथा घातल्या. आता अंगठाही सुजलाय.

१५ सप्टेंबर
विचारांती निष्कर्ष: माणसात दोष नाही, हत्यारात आहे. धाकटा भाऊ चेतन पुण्याला गाड्यांच्या कारखान्यात आहे. तो म्हणतो, बॅटरीवर चालणारी नट खोलायची बंदूक मिळते, बाहेरच्या देशातली. नुसता घोडा दाबायचा. नटाची छाती फुटली पाहिजे. (राग नव्हे, तांत्रिक अपेक्षा.)

२१ सप्टेंबर, पुणे
दुकानात तीन प्रकार पाहिले. हवेवरची बाद, तिला कॉम्प्रेसर लागतो. वायरवाली बाद, कारण राजूरला लाइट असते तेव्हा मी शाळेत कारकुनी करत असतो आणि मी घरी आलो की ती जाते. उरली बॅटरीवाली. तिच्यात दोन, साडेनऊ व्होल्टची आणि बारा व्होल्टची. दुकानदार गाडी कुठली, नट केवढा, असले फालतू प्रश्न विचारत होता. साडेनऊची हातात गोड बसत होती. बाराची चालू केली तर मनगट मुरगळलं. जी मालकाला असं करते ती नटाला काय करेल? बाराची घेतली.

परतीच्या एसटीत समोरच्या सीटचा नट बंदुकीने सहज खोलून पाहिला. लगेच निघाला. निवड अचूक. चंदनापुरी घाटात ती सीट प्रवाशासकट आडवी झाली. कंडक्टरने कॉलर धरली. मी एक दिली. त्याने तीन दिल्या, पण माझी आधी होती.

२४ सप्टेंबर
बॅटरी चार्ज झाली. बंदुकीवर नट खोलायचा बाण डावीकडे दाखवतो. जगातले सगळे नट डावीकडेच खुलतात. दुसऱ्या नटाला लावली. घडघड घडघड, मग घड, मग काहीच नाही. बॅटरी संपली. नट होता तिथेच.

दीपा पुन्हा आली. अवो, उलटं फिरवा ना, आप्पा... मी म्हणालो, उलट-सुलट मला शिकवू नकोस. बारा व्होल्टपुढे आप्पांचं काय?
ती आत गेली. जेवण वाढून ठेवलं.

५ ऑक्टोबर
आज सोक्षमोक्ष. पाच किलोचा घण, पाइप आणि मी. बॉनेटवरून पाइपावर उडी मारली. दुसरा बोल्ट गेला. तिसरा गेला. चौथ्याच्या वेळी घण सटकला आणि हेडलाइट मध्ये आला. कपाळाला काच लागली. रक्त पुसून परत उडी. चौथाही गेला.

सासूबाई बाहेर आल्या आणि बॉनेटवर हात पसरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, जावईबापू, मारू नका हो तिला, त्यांनी कधी हात न्हाई उचलला तिच्यावर. मी समजावलं की मी गाडीला मारत नाही, नटाला मारतोय. त्या रडत होत्या. म्हाताऱ्या माणसांना यंत्र कळत नाही.

पाचवा नट मुद्दाम राखून ठेवलाय. अजून हात लावलेला नाही.

८ ऑक्टोबर
उद्या निघायचं. मी कपाळाची पट्टी बदलत ओट्यावर बसलो होतो. दीपाने पदर खोचला, पाना पाचव्या नटाला लावला आणि चक्क आवळायच्या बाजूला पाय ठेवला. मी ओरडलो, अगं आवळतेस तू. नट एकदा करकरला आणि सुटला. पुढे तिने तो बोटांनीच फिरवून काढला.

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, जुन्या जीपला डाव्या बाजूचे आटे उलटे असत्यात. बोल्टावर एल कोरलाय. आप्पा हा पाचवा नट नेहमी मलाच खोलू द्यायचे, लहानपनापासून.

तिने नट पुसून पदराच्या गाठीत बांधला. चार बोल्ट तुटलेले, एका बोल्टावर चाक राहत नाही. महिनाभर मी ते नट खोलत नव्हतो. जीव तोडून आवळत होतो.

माझी चूक झाली, असं मी तिला म्हणालो. हळूच म्हणालो, बहुतेक तिला ऐकू गेलं नाही. किंवा गेलं.

९ ऑक्टोबर
सकाळच्या एसटीने दीपा आणि सासूबाई गेल्या. पुढे मनमाडहून रेल्वे. मला येता का म्हणून विचारलं नाही. सासूबाईंनी निघताना फुटक्या हेडलाइटवरून हात फिरवला.

बंदूक रात्रभर चार्जिंगला होती. हिरवा दिवा लागलाय.
आज राग आला नाही. खरंच आला नाही. घरात दुसरं कोणी नाही.