दोन मऊ टायर

३ नोव्हेंबर १९९६, रविवार. पेण

कामगार बंधूंनो, भगिनींनो! पेणहून रोह्याला रोज पहाटे आपल्याला वाहून नेणाऱ्या बसच्या टायरांवर नक्षी उरलेली नाही. साहेबांच्या गाड्यांना दर वर्षी नवे जोड, आणि आपल्या चाळीस जिवांना गुळगुळीत रबर!

— सुरुवात जमली. २९ तारखेला कारखान्याच्या फाटकावर आमच्या युनियनची सभा, तिच्यासाठी. ‘गुळगुळीत रबर’वर टाळ्या येणार. बाकीचं नंतर. मन आज दुसऱ्याच टायरात अडकलंय.

सकाळी धरमतरला गेलो होतो. जेट्टीजवळच्या बंद पडलेल्या डांबरी आवारात आम्ही सात-आठ हौशी दर रविवारी मोटारसायकली पळवतो. वाळूची पिंपं मांडून वळणं केलेली, एकाच्या हातात स्टॉपवॉच. मिठागरांकडून वारा आला की डांबरावर खारी धूळ बसते. तिसऱ्या वळणावर मागचं चाक सटकलं. पडलो नाही, पण बँकेतला प्रविण शेजारून पुढे निघून गेला, वर ओरडला — "पुढारी, घोषणा द्या, गाडी पळेल!" सगळे हसले. वय पंचेचाळीस, आणि एवढ्याशा गोष्टीचं मला इतकं लागावं!

५ नोव्हेंबर, मंगळवार

संध्याकाळी कमळाकरच्या दुकानात. झिजलेल्या टायरावर नवं रबर चढवून देतो तो. रिमोल्ड. पेणमधल्या निम्म्या ट्रकांखाली त्याचंच काम.

मी म्हटलं, रुंद टायर दे, जास्त धरेल. हसला. "तुझ्या अरुंद रिमवर रुंद टायर चेपून उभा राहील. मधोमध टेकेल, कड लागणारच नाय. वळणात कड लागते पुढारी, छाती नाय!"

मग दुकानातला एक टायर पुढे ढकलला. "नख रोव." रोवेना. "हा वर्षानुवर्षं जाईल आणि दर रविवारी तुला सटकवेल. नख रोवतं तो धरतो, नाय रोवत तो टिकतो. दोन्ही एकात गावत नाय."

शर्यतीचा मऊ टायर मद्रासहून मागवावा लागतो. सहा-सात रविवारांत संपतो. "मी नाय आणत," म्हणाला. "संसारी माणसाची ती चैन नाय."

रात्री आडवा झालो तरी नख आपोआप उशीत रुतत होतं.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

दोन टायर दारात! पुढचा आणि मागचा, खाकी कागदाच्या पट्ट्या गुंडाळलेले. दिनानाथशेठने पाठवले. आमच्या बसचा कंत्राटदार. प्रविणकडून कळलं असणार, शेठचं खातं त्याच्याच बँकेत. फोनवर म्हणाला, "आमचा ट्रक मद्रासला जातोच हो. हौस आहे ना? मग झालं तर!" पैशाचं विचारलं तर — "लाजवता काय?"

बसबद्दल अवाक्षर नाही. मीही काढलं नाही. तीन कपाटं पुस्तकं वाचली, कामगारांच्या लढ्यांचे इतिहास पालथे घातले, आणि लाच म्हणजे पाकीट असतं अशीच समजूत! ती रबराची असते, नव्याकोऱ्या वासाची असते, हे कुठे लिहिलं नव्हतं. की होतं, आणि मी ते पान नुसतं भाषणात वापरलं?

परत पाठवायचे होते. कागद सोडला, नख रोवून पाहिलं. रुतलं.

१० नोव्हेंबर, रविवार

काय धरतो! पहिल्या दोन फेऱ्या सावकाश घेतल्या, रबर तापू दिलं. मऊ रबरात हवा कमी ठेवावी, असं कमळाकर मागे कधीतरी म्हणाला होता; दोन पौंड कमी ठेवली होती. तिसऱ्या वळणावर गाडी इतकी झुकली की बूट डांबराला घासला, आणि चाक हललं नाही! प्रविणला मागे टाकलं. कोणी काही ओरडलं नाही.

घरी येईपर्यंत पोरासारखा खूश होतो. मग टेबलावरचं भाषण दिसलं.

११ नोव्हेंबर

‘गुळगुळीत रबर’चं वाक्य खोडलं. त्याजागी ‘कँटीनमधील निकृष्ट डाळ’.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

हे लिहायचं नव्हतं. लिहितो.

चिमा पॅकिंगला आहे, ठेक्यावर. खांबला चढते, वाडीतल्या आणखी सहा जणींबरोबर. मागे बसलं की तिला उलटी होते म्हणून डावीकडचं अगदी पुढचं आसन तिचं. आज परतीच्या वाटेवर कोलाडला ड्रायव्हर चहाला उतरला तेव्हा म्हणाली, "भाऊ, तुमाला टायरातलं कळतं म्हनं. माझ्या खालचा जरा बघा की. दोन दिस झाले, थडथडतो."

उतरलो. वाकलो. पुढचं डावं चाक. रिमोल्ड! मागे एक वेळ चालतं. पुढे कधीच घालत नाहीत. रबर सुटलं तर स्टिअरिंग हातात राहत नाही. आणि हे सुटायला लागलं होतं. कडेला जोडाची फट. माझं नख आत गेलं — पार मुळापर्यंत.

चिमा दारात उभी. हातात पदराचं टोक. "कसा हाय?"

"चालेल," म्हणालो.

तीन तास बोलू शकणारा माणूस मी. तीन अक्षरं बोललो.

१५ नोव्हेंबर

आज बसमध्ये सर्वांत मागे बसलो. खांब आलं की डोळे मिटून घेतले.

१७ नोव्हेंबर, रविवार

शर्यतीला गेलो नाही. कमळाकरकडे गेलो. बसच्या टायराचं सांगितलं. त्याच्या हातातली हवेची नळी तशीच फुसफुसत राहिली.

"ते मीच केलेत. मागच्या चाकांसाठी म्हणून नेले शेठने. पुढे घातला?" मग माझ्याकडे बघितलं. "तू बघितलास ना? मग काय म्हणालास?"



कोपऱ्यात माझी गाडी उभी होती. तिच्या टायरांकडे बघितलं त्याने, पुन्हा माझ्याकडे. "अस्सं," एवढंच. दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या चाकात हवा भरायला लागला. मला बस म्हणाला नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा.

उद्या शेठला जाब विचारणार.

१८ नोव्हेंबर

मागे बसलो. डोळे मिटले. शेठकडे गेलो नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

टायर उतरवले, रिक्षात घातले, शेठच्या ऑफिसात नेऊन टाकले. पुढचं चाक आज बदला, म्हणालो.

शेठने मागचा टायर हाताने फिरवला. खाऱ्या डांबराने कडा खरवडून निघालेल्या. "वापरलेला माल परत घेऊन मी काय करू?" हसत होता. "बसचं बघतो हो, पुढच्या महिन्यात. आणि तुमच्या सभेला येतो ऐकायला. पुढेच बसतो!"

तेच टायर घेऊन परत आलो. गच्चीच्या जिन्याखाली ठेवलेत. बायकोने विचारलं कसले, तर जुने आहेत म्हणालो. हेही खोटं.

२३ नोव्हेंबर, शनिवार

भाषण फाडलं. नवीन लिहिलं. सगळं सांगणार — २९ला, फाटकावर, शेठ समोर असताना. मला टायर मिळाले, मी ते घेतले, मी चिमाशी खोटं बोललो. शेवट फार चांगला साधलाय.

आत्ताच्या त्या वाक्याची लाज वाटते. माझ्या पापालाही टाळ्या हव्यात!

निदान चिमाला आधी सांगायला हवं.

२४ नोव्हेंबर, रविवार

जुन्या टायरांवर खांबला गेलो. चिमा वाडीच्या तोंडाशी लाकडं फोडत होती. उभ्यानेच सगळं सांगितलं. कोयता थांबला नाही.

"म्हायती हाय," म्हणाली. "तुमी चालेल म्हनलात तवा मी टायराकडं नाय, तुमच्या तोंडाकडं बघत होते. दुसऱ्या दिसापासनं आमी सातजणी एसटीनं जातो."

दहा दिवस! ते पुढचं आसन रिकामं होतं, आणि मी डोळे मिटून बसलो होतो.

शुक्रवारी फाटकावर सगळ्यांना सांगणार, म्हणालो.

"शुक्रवार कवा उजाडंल! तवर गाडी पाच येळा जाईल नि येईल. त्यातली मानसं आमचं ऐकत नाय, तुमचं ऐकतात." कोयता लाकडात रोवला. "उद्या पेनला, गाडी सुटायच्या आधी — तोंड उघडा."