हळद लावलेल्या बारा मेंढ्या

शुक्रवार पेठ, सोलापूर
२० जानेवारी २०२५

ती. अप्पांना,
शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. इटालियनच्या परीक्षेत मी दुसऱ्यांदा नापास झाले. शेवटची संधी दहा फेब्रुवारीला. इटलीतल्या दवाखान्याने माझी नर्सची जागा तोवरच राखली आहे आणि इथली नोकरी मी शहाणी आधीच सोडून बसले.

क्रियापदांनी जीव नकोसा केलाय. त्यांच्या तीन जाती: आरे, एरे, इरे. मी, तू, तो म्हटलं की शेपूट बदलतं. काल, आज, उद्याला पुन्हा निराळं. क्लासच्या पायलमॅडम म्हणतात, ही तर नियमाने चालणारी गरीब क्रियापदं. मी मात्र तोंडी परीक्षेत ‘पार्तिरे’ला दोन्ही वेळा अडले. अप्पा, माझ्याच्यानं होत नाही. सगळं सोडून घरी येऊ का?

रागावलात तरी माया कमी करू नका.
तुमची सोनाली

मैंदर्गी
२७ जानेवारी

चि. सोनालीस अप्पाचे आशीर्वाद.

घरी ये, पर सोडून न्हाय, शिकायला. तुझी इटालीची जुनी वही हितंच हाय. तीन जाती म्हंजे तीन कळपच की! मेंढरं मिसळली तर आमी रंगावरनं निवडतो. तसंच केलं. आरेला गेरू, एरेला नीळ. तिसरा रंग घरात न्हवता, म्हणून इरेच्या बारा मेंढ्यांना हळद लावली.

तितंच घोळ झाला. हळद लावली म्हंजे देवाला सोडली, हे मीच इसरलो. चिमाबाई चुलती येऊन थेट मेंढरांच्या पाया पडली. सिद्रामप्पा पुजारी म्हणतो, आता त्या बिरोबाच्या, इकायच्या न्हाईत, कापायच्या न्हाईत. नवस कसला इचारलं, तर इटालीचा म्हणून सांगितलं. आता पास हो पोरी, न्हाईतर देवापुढं माझी लई पंचाईत हाय.

रविवारपतोर पाठीवर एकेक शब्द लिवून ठेवतो. मेंढरं वाघरीत कोंडतो, जाळं उघडून एकेक मेंढी सोडीन, तू बघून बोलायचं. मला ऐकू येत न्हाय, चुकलीस तरी लाजू नको.

तुझा अप्पा

सोलापूर
३ मार्च

ती. अप्पांना,
शि. सा. न. वि. वि.

पास झाले. जेमतेम, पण झाले. पेपरात डोळे मिटले की मेंढ्या रांगेने येत होत्या. तोंडीला परीक्षक बाईंनी नेमकं ‘पार्तिरे’च विचारलं. मला चंद्री दिसली, मी बाटलीने दूध पाजून वाढवलेली. तिच्या पाठीवर तुम्ही ‘पार्तिरो’ लिहिलं होतं. त्या रविवारी ती जाळ्यातून हलेना आणि मीही गप्प झाले. अर्थ तुम्हाला सांगितला नाही. मी निघून जाईन, असा आहे तो. मला शब्द येत होता अप्पा, म्हणवत नव्हता. यावेळी रडत रडत म्हटला.

वीस तारखेला विमान आहे. तुम्हाला एकटं टाकून जाते आहे. तिकडून फोन केला तरी माझा आवाज तुम्हाला पोचायचा नाही. नको जाऊ म्हणालात तर राहीन.

तुमची सोनाली

मैंदर्गी
८ मार्च

चि. सोनालीस आशीर्वाद.

अर्थ तुझ्या वहीत मराठीत हाय की. दोनदा लिवलास, दोनदा खोडलास. तवाच कळलं, पोरगी कुटं अडती ते. म्हणून तो शब्द मुद्दाम चंद्रीवर लिवला. ती देवाची झाली, आता कुटं जायची न्हाय. तुझ्या वाटणीचं हितं ऱ्हायला ती हाय. तू जा.

पत्र टाकत जा, ते मला नीट ऐकू येतं. लोकर कातरायचे दिस आले. समदी मेंढरं कातरून झाली. चंद्रीच्या पाठीवर अजून तुझा शब्द हाय. तिला दोनदा धरली, दोनदा सोडली.

तुझा अप्पा