शेपटाचा मान

प्रिय ठमे,

तुझ्या नातीचा फोटो पोचला. नाक आपल्या आईचं आलंय, बिचारीचं. वजन वाढतंय हे चांगलं, पण रात्रभर तूच तिला मांडीवर घेऊन बसू नकोस. तिला जन्म देणारी तिथेच आहे. तुझ्या कुंड्यांना पाणी घालते. एक रोप मेलं, माझ्याच हातून पाणी जास्त झालं. बाकी सगळं ठीक आहे, असं मी तुला फोनवर दर वेळी सांगते. आज मुद्दाम पत्र लिहिते आहे. फोनवर तू मधेच रडायला लागशील, मग मी ओरडेन आणि सांगायचं तेच राहून जाईल.

रविवारी आमचा भटक्यांचा गट डोंगरावर गेला होता. तुझे मास्तरही होते. तू लेकीकडे गेल्यापासून मीच त्यांना ओढून नेते, घरात एकटा माणूस आंबतो म्हणून. वर छातीपर्यंत काटेरी झुडपं आणि त्यांतून ग्रॅनाइटच्या थोराड शिळा डोकं काढून बसलेल्या, एखाद्या पोराने खेळ अर्धा टाकून उठावं तशा एकीवर एक. मास्तरांनी पहिल्या शिळेवर हात ठेवून सांगितलं, हा दगड जमिनीच्या पोटात सावकाश थंड झाला, म्हणून याचे कण मोठे, आणि हा चमकतोय तो अभ्रक, बघा. भूगोल शिकवण्यात जन्म गेला, सांगणारच. सगळ्यांनी कौतुकाने ऐकलं. पुढच्या शिळेपाशी त्यांनी तेच सांगितलं, त्याच शब्दांत, शेवटच्या 'बघा'सकट. तिसऱ्या शिळेपाशी आमच्या गटातली बँकेतली बाई म्हणाली, "मास्तर, हे परीक्षेला येणार आहे वाटतं!" सगळे हसले. तेही हसले. मी मात्र खेकसले, "पुरे झाली शाळा, ऊन चढतंय."

मला आधीपासून संशय होता, ठमे. आमच्या गटातला तो औषधवाला मला एकदा बाजूला घेऊन म्हणाला होता, "ताई, मास्तर एकच औषध परतपरत घेऊन जातात. घरी कुणी बघतं ना?" मी त्याला सुनावलं, तुम्ही तुमचं दुकान बघा. त्याच संध्याकाळी तुझा फोन आला आणि मी म्हटलं, मास्तर ठणठणीत आहेत, तुझ्यावाचून काही अडलेलं नाही.

आमच्या गटाचा एक नियम आहे, मीच घातलेला. वाट फुटते तिथे प्रत्येकाने थांबायचं आणि मागचा माणूस दिसल्याशिवाय हलायचं नाही. सगळ्यांत मागे चालतो त्याला आम्ही शेपूट म्हणतो. कुणी मागे राहत नाही ना, हे त्याने बघायचं, म्हणून सगळ्यांत भरवशाच्या माणसाला शेपूट करतात. तो मान नेहमी मास्तरांचा. रविवारीही मी त्यांनाच शेपटाचं नारिंगी जाकीट दिलं. दुसऱ्या कुणाला दिलं असतं तर लोकांनी कारण विचारलं असतं, आणि मला झाकली मूठ झाकलेलीच ठेवायची होती. आणखीही एक सांगते. ते मागे राहिले की दगडाचं तेच पुराण पुन्हा ऐकावं लागणार नाही, असंही मनात आलं होतं.

उतरताना दोन मोठ्या शिळांपाशी वाट फुटते. दोन्हीकडे सारखीच झुडपं, नवख्याला फरक कळू नये. आभाळ भरून आलं होतं, खाली बसवाला हॉर्न बडवत होता. औषधवाला नियमाप्रमाणे मागे बघत थांबला होता. मी त्याच्यावर ओरडले, "चला हो! शेपूट कधी हरवतं का?" तो बिचारा निमूट चालू लागला.

बसपाशी पोचलो तर मागे कुणी नाही. मी आणि औषधवाला परत वर चढलो. हाका मारून माझा घसा बसला. मास्तर दुसऱ्या वाटेने बरंच आत गेले होते, दोन शिळांमधल्या फटीत बसले होते. हात काट्यांनी ओरबाडलेले, जाकिटाची नीट घडी करून मांडीवर ठेवलेली. मला बघून त्यांनी तुझ्या नावाने हाक मारली आणि विचारलं, "मुलं सगळी गाडीत बसली ना? हजेरी घेतलीस?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? थोड्या वेळाने त्यांनी मला ओळखलं, आणि ते जास्त वाईट होतं. आपलं काय झालं हे त्यांना कळलं, आणि ते कळताना मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. माझं मनगट धरून म्हणाले, "ताई, तिला सांगू नका. नातीला मनसोक्त खेळवू दे तिला. परत आली की मीच सांगेन." मी शब्द दिला. बसमध्ये सगळ्यांना सांगितलं, पाय मुरगळला. तर माझं खोटं सांभाळायला मास्तर बसमधून उतरताना लंगडले गं.

तेव्हापासून ते माझ्याकडे आहेत, बाहेरच्या खोलीत. काल त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, हे कधीपासून? आधी कसे होते? झोप कशी होती, चिडत होते का, रस्ता चुकत होते का? मी एवढी तोंडाळ बाई, म्हटलं, बहिणीला विचारून सांगते. मला ते फक्त रविवारचे माहीत. रोजचे मास्तर फक्त तुला माहीत आहेत. आणि 'परत आली की मीच सांगेन' म्हणाले ते तेव्हा त्यांच्या लक्षात असेल, याची खात्री मला आता देता येत नाही. म्हणून दिलेला शब्द मोडते आहे. तू ये. लेकीला राग आला तर माझ्यावर ढकल. मास्तरांनाही कळेल मी चुगली केली ते. सारवासारव करू नकोस. रागावू देत. जितके दिवस तो राग त्यांच्या लक्षात राहील, तितके दिवस मला तो हवाच आहे.

तुझीच,
ताई