सानवीने रस्ता विचारला

गुरुवार, संध्याकाळ

आज सानवी बोलली! नायगावहून आमच्या तुळिंजच्या शाळेत आल्यापासून तिने माझ्या तिसरीच्या वर्गात तोंडच उघडलं नव्हतं. इंग्रजीत नाही, मराठीतही नाही.

इंग्रजीत रस्ता विचारायचा आणि सांगायचा पाठ होता. बाकांमधल्या वाटांचे रस्ते केले, जमिनीवर खडूने पोस्ट, दवाखाना, रिक्षा स्टँड लिहिलं. विचारायचं होतं, पोस्ट कुठे आहे. सानवीची पाळी आली. ती उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "एक्सक्यूज मी, व्हेअर इज माय हाउस?"

वर्ग हसला. आता ही पुन्हा गप्प होणार! पण पोस्ट सोडून घर का विचारलं हिने? चुकून, की खरंच?

मी काही बोलायच्या आत डावीकडच्या बाकावरची रिद्धी उठली. "गो स्ट्रेट. टर्न लेफ्ट. माय हाउस. कम!" आणि हात धरून सानवीला आपल्या बाकावर घेऊन गेली. मी कुणाचंच वाक्य दुरुस्त केलं नाही. करायला हवं होतं का? माय हाउस... अजून कानात आहे.

शाळा सुटल्यावर फाटकाशी सानवीच्या आईने रोजच्यासारखंच विचारलं, "टीचर, आज तरी बोलली का ओ?"

मी उत्तर देण्याआधीच सानवीने तिची ओढणी ओढली. "आई, रिद्धीच्या घरी जायचंय. चल ना!"

आईला हसू आवरेना. तोवर सानवी आणि रिद्धी "लेफ्ट, लेफ्ट" ओरडत उजवीकडे वळल्याही होत्या.