तेरावा खण

मी, सूरजबाई मांगीलाल भटेवरा, वय त्र्याहत्तर, राहणार बाजारपेठ, ओतूर, ता. जुन्नर, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे.

१. आमचे घर बारा खणांचे. सासऱ्यांनी मृत्युपत्रात माझे यजमान मांगीलाल यांना अर्धे, मधले दीर चंपालाल यांना तिसरा हिस्सा आणि धाकटे फुटरमल यांना चौथा हिस्सा दिला. यजमानांनी सहा खण घेतले, मधल्यांनी चार. फुटरमलना तीन हवे होते, उरले दोन. अकरा वर्षे तिघे भाऊ एकमेकांना चोर म्हणत राहिले. भिंती तीनदा मोजल्या.

२. मी चौथी शिकलेली. सव्वा, दीड, अडीच तोंडपाठ, पण कागदावर अपूर्णांक दिसला की घाम फुटे. एकसष्टाव्या वर्षी मी आमच्या ओटीवर शिवणकाम करणाऱ्या तहरीम आतार हिच्याकडे शिकायला बसले. अर्धा आणि एक तृतीयांश मिळवून मी दोन पंचमांश उत्तर काढले, म्हणजे अर्ध्याहूनही कमी. ती म्हणाली, “काकू, वेगळ्या मापाचे तुकडे असे जोडत्यात का? आधी छेद सारखे करा.” तिने अस्तराच्या बारा सारख्या पट्ट्या कापल्या. अर्ध्याच्या सहा, तिसऱ्या हिश्श्याच्या चार, चौथ्याच्या तीन. लागत होत्या तेरा. तेरावीसाठी मी मशीनखालीही पाहिले.

३. चोर कोणीच नव्हते, सासऱ्यांची बेरीज चुकली होती. तिघांसमोर पट्ट्या मांडून मी सांगितले की थोरल्यांनी एक खण सोडावा. यजमान म्हणाले, “तू माझी बायको का त्यांची?”

“बायको तुमचीच. बेरीज कोणाचीच नसते.”

दोन दिवस त्यांनी त्या पट्ट्या पुन्हापुन्हा मोजल्या. तिसऱ्या दिवशी सहाव्या खणाचे कुलूप काढून किल्ली स्वतः फुटरमलच्या हातात दिली. फुटरमल त्या दिवशी आमच्याकडे जेवले आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणाले. ते मी माफ केलेले नाही.

४. यजमानांनी माझ्या नावे केलेल्या पाच खणांपैकी मुलगा पारस यास अडीच, मुलगी टीना हिला पावणेदोन, आणि ओटीकडील पाऊण खण तहरीमला. टीनाचे लग्न झाले आहे, असे पारसने म्हणू नये. लग्नाने छेद बदलत नाही.

५. साक्षीदारांनी बेरीज स्वतः करून मगच सही करावी.

सही: सूरजबाई मांगीलाल भटेवरा
ओतूर, ता. ९ फेब्रुवारी २०२५

साक्षीदार:
१) अश्विनी डुंबरे, ओतूर. बेरीज पाच. बरोबर.
२) सावळेराम लोहोटे, डिंगोरे. बेरीज सव्वापाच. चष्मा लावून पुन्हा केली, पाच.